नांद्र्याचे नियम

यंत्राच्या मते उत्तर चूक होतं, आणि बुद्धिबळात यंत्र चुकत नाही. हे मला तेव्हाही मान्य होतं आणि आजही आहे. माझी नोकरीच त्या मान्यतेवर उभी आहे.

त्या सकाळी पुण्याच्या आमच्या कार्यालयात माझ्यासमोर उघडलेली फाइल एका बिननावाच्या माणसाची होती. पुरुष, वय पंचाहत्तरच्या पुढे, एकटा राहतो, एवढंच वर लिहिलेलं. नाव नाही, गाव नाही. खाली त्याने गेल्या वर्षभरात सोडवलेली बुद्धिबळाची कोडी होती. सुरुवातीची पानं स्वच्छ होती. शेवटच्या पानांवर मात्र लाल खुणा दाटीवाटीने बसल्या होत्या.

'पारख' काय करते ते इथे सांगायला हवं, कारण ती रोज वापरणारे पुष्कळ लोकही तिला नुसता खेळ समजतात. सकाळी चहाबरोबर एक कोडं येतं. 'पांढऱ्याची चाल, पांढरा जिंकतो', असं काहीतरी. माणूस उत्तर देतो, यंत्र ते तपासतं. तपासणं हा यंत्राच्या डाव्या हातचा मळ. संगणक माणसापेक्षा चांगलं बुद्धिबळ खेळायला लागले त्याला आता एक पिढी उलटून गेली. शक्य त्या सगळ्या चाली, त्यांवरची सगळी उत्तरं, हे सारं त्याच्यापुढे क्षणात उलगडलेलं असतं. त्यामुळे बरोबर उत्तरांत कुणालाच फारसा रस उरला नव्हता. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की चुकलेली उत्तरं पाहावीत.

तिथे गंमत होती. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं, चुकतो मात्र प्रत्येकजण आपल्या पद्धतीने. एकाला लांबच्या कोपऱ्यात बसलेला उंट दिसत नाही. दुसरा दोन्ही चाली बरोबर शोधतो, पण आधीची नंतर खेळतो. तिसरा समोरचा काय करील याचा विचारच करत नाही. अशी माणसं पटाबाहेरही तशीच असतात. माणसाची चुकण्याची पद्धत अक्षरासारखी वर्षानुवर्षं तीच राहते. ती बदलायला लागली तर समजावं की मेंदूत काहीतरी हललंय. लाखो लोकांची उत्तरं आणि त्यांचे पुढचे आजार ताडून पाहिल्यावर हे पक्कं झालं. गॅस चालू ठेवून माणूस बाहेर जायला लागतो, त्याच्या कितीतरी आधी त्याचा घोडा चुकीच्या घरात पडायला लागतो.

त्यानंतर कायदा झाला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि एकटं राहणाऱ्या माणसाला दरवर्षी 'स्वाधीन दाखला' घ्यावा लागतो. तो नसेल तर एकट्याने राहता येत नाही, गाडी चालवता येत नाही. सोबतीला घरचं कुणी हवं, नाहीतर सरकारी निवासात जायचं. कायदा करणाऱ्यांनी एक शहाणपण मात्र दाखवलं. माणसाचं स्वातंत्र्य काढून घेण्याचा अधिकार त्यांनी यंत्राला दिला नाही. यंत्र फक्त लाल खूण करतं. सही माणूस करतो, म्हणजे परीक्षक, म्हणजे माझ्यासारखी कुणीतरी. फाइलवर नाव नसतं, ते आम्हाला दयामाया वाटू नये म्हणून.

मी पहिल्या पानापासून बघत गेले. एका कोड्यात पांढऱ्या हत्तीने सरळ शेवटच्या रांगेत जायचं, की दुसऱ्या चालीला मात. या गृहस्थांनी हत्ती जागचा हलवला नव्हता. काळ्या राजाला त्यांनी हळूहळू कोपऱ्याकडे हाकत नेलं होतं आणि पाचव्या चालीला एका प्याद्याने मात दिली होती. यंत्राचा शेरा होता: 'बरोबर, पण अकारण लांब.'

पुढच्या कोड्यात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. जिथे जिथे शक्य तिथे प्याद्याने मात, मग वाट कितीही वाकडी होवो.

असा माणूस मी जगात एकच पाहिला होता, आणि तो मला मुलगी म्हणायचा. मी फाइल खाली ठेवली आणि उगाचच टेबल आवरत बसले.

माझे वडील भूपाल आरवाडे. सांगलीत बुद्धिबळाच्या वर्तुळात कुणालाही विचारा, 'आरवाडे पंच' म्हटल्यावर लोक आधी जरा ताठ बसतात. अण्णा स्वतः मोठे खेळाडू नव्हते. पण जिल्ह्यातल्या स्पर्धांना पंच म्हणून ते उभे राहिले की आईबापांची बडबड बंद व्हायची. आंतरराष्ट्रीय नियमांची पुस्तिका त्यांना कलमांसकट पाठ होती. विट्याला एका स्पर्धेत मी खेळत होते, दहा-अकरा वर्षांची असेन. चालवायचा होता घोडा आणि हात लागला उंटाला. समोरची मुलगी खिडकीबाहेर बघत होती, तिने काही पाहिलं नाही. पाहिलं ते फक्त पंचांनी. ते शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "उंट." मी उंट चालवला आणि हरले. परतताना एसटीत त्यांनी मला भाजलेल्या शेंगांचा पुडा दिला. मी घेतला नाही, तेव्हा म्हणाले, "पटावर नातं नसतं, त्रिशला." मग शेंगा त्यांनी एकट्याने खाल्ल्या, सगळ्या.

आमच्या कार्यालयाचा नियम स्पष्ट आहे. फाइल कुणाची हे ओळखू आलं आणि तो माणूस नात्यातला निघाला, तर ती दुसऱ्या परीक्षकाकडे सोपवायची. शेजारच्या टेबलावर तौफिक बागवान बसतो. त्याला मी हळूच सांगितलं. तो म्हणाला, मग दे इकडे, वाट कसली बघतेस. मी म्हटलं, एकदा हात लागला की चालवावं लागतं. तो म्हणाला की तो बुद्धिबळाचा नियम झाला, कार्यालयाचा नेमका उलटा आहे. तरी त्याने फाइल ओढून घेतली नाही. तौफिक चांगला माणूस आहे, फक्त त्याला विचारलेलं नसताना प्रश्न विचारायची खोड आहे.

मी लाल पानांकडे वळले. एका कोड्यात पांढरं प्यादं शेवटच्या घरात पोचत होतं. तिथे त्याचा वजीर केला की खेळ संपला, शाळेतलं पोरही तेच करील. अण्णांनी त्याचा घोडा केला होता आणि मग घोड्याने झगडत झगडत डाव जिंकला होता. दुसऱ्या एका कोड्यात त्यांचा राजा एका घरावरून घोड्यासारखी उडी मारून पलीकडे गेला होता. राजा असा जातच नाही. काही कोड्यांना त्यांनी उत्तरच दिलं नव्हतं. तिथे नीट टाइप करून लिहिलं होतं: 'या कोड्याला उत्तर नाही. रचनाकाराने तपासून पाहावे.' यंत्राने या सगळ्यांवर एकच शिक्का मारला होता, 'नियमविस्मरण'. आमच्या यादीत यापेक्षा वाईट शेरा नाही. चाल चुकणं वेगळं, खेळच विसरणं वेगळं. असा शेरा इतक्या वेळा असला की परीक्षकाला विचार करायला जागाच राहत नाही.

पण मला त्या चुका विसरल्यासारख्या वाटेनात. विसरलेला माणूस कुठेही धडपडतो. आज प्याद्याचा घोडा करील, उद्या प्याद्याला मागे नेईल. अण्णा एकदाही मागे गेले नव्हते. घोडा व्हायचा तो ठराविक घरांतच. उडी मारायचा तो राजाच, आणि तीही एकदाच. या चुकांना शिस्त होती.

यंत्राला आम्ही नेहमी एकच गोष्ट विचारतो: या नियमांनी हे उत्तर बरोबर आहे का? त्या दुपारी मी प्रश्न उलटा करून घातला. ही उत्तरं बरोबर आहेत असं धरून चाल. मग नियम कोणते असतील? हे त्याचं रोजचं काम नव्हे, पण अशक्यही नाही. प्यादं कसं चालतं, शेवटी त्याचं काय होतं, राजाला काय मुभा आहे, अशा एकेका नियमाचे शक्य तेवढे पर्याय घेऊन सगळ्या जुळण्या तपासायच्या. यंत्र बराच वेळ घेत होतं. तेवढ्यात मी चहा आणला, तो तसाच निवला.

मग पडद्यावर एकच नियमावली आली. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाईल. शेवटच्या रांगेत ते ज्याच्या घरात पोचेल तो मोहरा होईल. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. राजाला एकदाही शह मिळालेला नसेल तर डावात एकदा घोड्याची उडी मारता येईल. या नियमांनी शेवटच्या पानांवरची सगळीच्या सगळी उत्तरं बरोबर होती. ज्या कोड्यांना उत्तर नाही असं त्यांनी लिहिलं होतं, त्यांना या नियमांनी खरोखरच उत्तर नव्हतं.

मला ते नियम कधी कुणी शिकवले नव्हते, पण आजीकडून ऐकलेल्या गोष्टींवरून ते कुठले आहेत हे लगेच कळलं. सांगलीपासून जवळच नांद्रे म्हणून गाव आहे, अण्णा तिथले. त्यांची थोरली बहीण, त्यांची अक्का, तिने त्यांना घराच्या पुढच्या सोप्यात बसून बुद्धिबळ शिकवलं ते जुन्या देशी पद्धतीचं, आणि तेही त्यांच्या घरात चालायचं तसं. प्याद्याने मात दिली की त्यात दुप्पट मान, ही शिकवणही तिचीच. पुढे अण्णा सांगलीला शिकायला आले, पहिल्याच स्पर्धेत राजाला उडी मारायला लावली आणि चारचौघांत हसं झालं. तेव्हापासून त्या खेळाला ते 'गावठी नियम' म्हणायचे. घरात त्याचं नावही काढू द्यायचे नाहीत. प्यादेमातीची हौस तेवढी त्यांच्याकडून सुटली नव्हती.

मला इतका आनंद झाला की तौफिकला मी जवळजवळ ओढतच पडद्यापुढे आणलं. कायद्यात 'उत्तरं खेळाच्या नियमांनुसार तपासावीत' एवढंच म्हटलं होतं. कोणत्या खेळाच्या, ते म्हटलं नव्हतं. मी 'सक्षम' लिहून सही केली असती तर तिला कुणीही धक्का लावू शकलं नसतं. अण्णा त्यांच्या घरात राहिले असते, स्कूटर फिरवत राहिले असते.

तौफिकने सगळं नीट वाचलं आणि मग त्याच्या खोडीप्रमाणे विचारलं, "ते हे मुद्दाम करतात, की त्यांना कळतच नाही?"

मी म्हटलं, मुद्दामच करत असणार, तुला अण्णा माहीत नाहीत. त्याने वाद घातला नाही. फाइल दोन दिवस तुझ्याकडे राहिली तर मी काही पाहिलं नाही, एवढंच म्हणाला. रविवारी सकाळच्या गाडीने मी सांगलीला गेले.

अण्णांचं घर विश्रामबागेत, पहिल्या मजल्यावर. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात आणि घर माझ्या घरापेक्षा टापटीप ठेवतात. दार उघडल्या उघडल्या त्यांनी विचारलं, न कळवता कशी काय आलीस, जावईबापूंशी भांडलीस काय. मग भडंग पुढे ठेवलं, स्कूटरचं नवं टायर दाखवलं, खालच्या मजल्यावरच्यांच्या कुत्र्याची तक्रार केली. कुठेही काही कमी-जास्त नव्हतं. सगळं ठीक आहे, असं मी मनाशी म्हणत होते आणि त्याचबरोबर प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकत होते. स्वतःच्या बापाकडे असं बघायचं म्हणजे फार वाईट काम.

'पारख'चा विषय त्यांनीच काढला. "त्या यंत्राला खेळ येत न्हाई," ते म्हणाले. "दोनदा कळवलं मी. कोड्याला उत्तरच न्हाई तर लोकांना देता कशाला? त्यावर मलाच लाल करतंय."

मी विचारलं, प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की त्याचं काय होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नवख्या पंचाची परीक्षा घेताना ते असेच बघायचे. मग त्यांनी कलम म्हणून दाखवलं, वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा, खेळणाऱ्याच्या पसंतीनुसार, एकही शब्द न चुकता. नियम माहीत आहेत, म्हणजे मुद्दाम करतायत. हट्टी माणूस, दुसरं काय.

मग मी त्यांचंच एक उत्तर काढून त्यांच्यासमोर धरलं आणि विचारलं, इथे वजीर का नाही केला.

त्यांनी ते पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "बरोबरच हाय की," ते म्हणाले. "घोड्याच्या घरात गेलं, घोडा झालं. दुसरं काय हुणार?"

आत्ताच म्हटलेलं कलम आणि हे, दोन्ही त्यांच्याजवळ होतं, पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. पाठ केलेलं तोंडात राहिलं होतं आणि हात नांद्र्याला निघून गेला होता. तरीही मी स्वतःला समजावत होते. एक उत्तर म्हणजे पुरावा नव्हे, असं ते स्वतःच म्हणाले असते. मी कपाटातून पट काढला आणि म्हटलं, एक डाव होऊन जाऊ दे.

मी पांढरी घेतली आणि सवयीने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. अण्णांनी बोटाने ते एक घर मागे घेतलं. "एक घर," ते म्हणाले. आवाज पंचाचाच होता, विट्याला 'उंट' म्हणाले होते तेव्हाचा. मी एकच घर चालले.

तो डाव मी आयुष्यात विसरणार नाही. मी त्यांचे नियम यंत्राच्या पडद्यावर वाचलेली, ते त्या नियमांत वाढलेले. माझं प्यादं उंटाच्या घरात पोचलं तेव्हा मी सवयीने वजिराकडे हात नेला. त्यांनी मान हलवून उंट पुढे केला. त्यांचा राजा कोंडीत सापडतोय असं वाटत असतानाच त्याने उडी मारली आणि माझा सगळा बेत फसला. ते झरझर खेळत होते, मधेच गुणगुणत होते. पंच असताना मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. शेवटी माझा राजा कडेला अडकला. त्यांच्या हत्तीला मात देता येत होती. ते मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत होतं. त्यांनी हत्तीला हात लावला नाही. आणखी तीन चाली घेऊन एक प्यादं पुढे आणलं, ते ठेवलं आणि मागे रेलून बसले.

इतका सुंदर डाव खेळणाऱ्या माणसाला अक्षम कोण म्हणेल? मी मनात सही करून टाकली. खरंच सांगते, माझं ठरलं होतं.

"हरलीस अक्के," अण्णा म्हणाले. "पाणी आण जा."

नांद्र्याच्या घरात हरलेल्याने जिंकलेल्याला पाणी आणून द्यायचं, ही रीत मी आजीकडून ऐकली होती. पण अक्काला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. जीभ घसरली असेल, मलाही मुलाला नवऱ्याच्या नावाने हाक मारायची सवय आहे, असं म्हणत मी स्वयंपाकघरात गेले आणि फिल्टरचं पाणी तांब्यात भरून आणलं. त्यांनी एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"ह्ये आडाचं न्हाई," ते म्हणाले. "आडाचं आण. आणि गाळून आण, न्हाईतर आई वरडंल."

नांद्र्याचा तो आड माझ्या जन्माच्या आधीच बुजवलेला होता. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कसलाही गोंधळ नव्हता. डाव जिंकलेल्या मुलाचा साधा आनंद होता, आणि तहान. तौफिकच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. ज्या पटावर अण्णा एकही चूक करत नव्हते, तिथेच ते आता राहायला गेले होते, आणि त्या घरात गॅस नव्हता, स्कूटर नव्हती, पहिला मजला नव्हता. या घरात ते एकटे राहिले असते तर एखाद्या दिवशी पाणी आणायला आडाकडे निघाले असते.

मी आत गेले. पांढरं फडकं शोधलं, तांब्यावर धरलं आणि फिल्टरचंच पाणी त्यातून गाळलं. ते करताना रडूही आलं, पण थांबून रडायला सवड नव्हती, तहानलेला माणूस बाहेर वाट बघत होता. ते सगळं पाणी एका दमात प्यायले. थोड्या वेळाने ते मला पुन्हा त्रिशला म्हणायला लागले. आमच्या जैन घरातल्या रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत आम्ही जेवलो, तेव्हा आमटीत मीठ कमी आहे हेही त्यांनी बरोबर ओळखलं.

पुण्याला परतल्यावर मी फाइल तौफिककडे दिली. वर लिहिलं की ओळख पटली, वडील आहेत. खाली मी सापडलेली नियमावली जोडली, डाव कसा झाला ते लिहिलं, पाण्याचंही लिहिलं. हे लिहिलं नसतं तर तौफिकला बाकी सगळ्यावरून 'सक्षम' लिहिता आलं असतं. त्याने ते वाचून मला विचारलं, नक्की? एवढा एकच प्रश्न त्याने विचारला. मग दाखला नाकारला.

घरी आठवडाभर धुसफूस झाली. अभिनंदनचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं की अण्णांना पुण्याला आणावं, इथे दवाखाने आहेत. मी म्हटलं, सांगलीत ते निदान अर्धा दिवस तरी कुठे आहेत ते ओळखतात, इथे तेवढंही राहणार नाही. शेवटी मी काम सांगलीहून करायचं आणि त्याने शनिवार-रविवार यायचं ठरलं. त्याला हे आवडलेलं नाही, आणि त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

सांगलीला राहायला गेले त्या दिवशी मी अण्णांना सगळं सांगून टाकलं. सकाळची वेळ होती, ते लख्ख होते. म्हटलं, "अण्णा, तुमचा दाखला माझ्यामुळे अडला."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग विचारलं, "पुरावा होता?"

"होता."

"सही तूच केलीस?"

"नाही. नातं होतं म्हणून दुसऱ्याकडे दिली. पण पुरावा मी लिहिला."

त्यांनी मान डोलावली, स्पर्धेतला तंटा मिटल्यावर डोलवायचे तशी. "मग नियमात बसतंय," ते म्हणाले. त्या दिवशी जेवले मात्र कमी. संध्याकाळी स्कूटरची किल्ली त्यांनी आपण होऊन माझ्या हातात दिली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला माझ्या निकालाबद्दल शंका नव्हती आणि नाही. पण तो निकाल देणारी मीच असायला नको होते, हेही तितकंच खरं.

दाखला नाकारला की त्या माणसाची उत्तरं कार्यालयात येणं बंद होतं. कोडी मात्र येत राहतात, हवी तशी सोडवावी. तौफिकने न सांगता एक काम केलं. अण्णांच्या टॅबवर नियमांची यादी असते, त्यात 'आंतरराष्ट्रीय'च्या खाली एक नवी ओळ आली: 'नांद्रे'. मी ती निवडली आणि टॅब जागेवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चहा घेऊन बसले. मी दारातून बघत होते. त्यांनी कोडं पाहिलं, ओठ हलवत काहीतरी मोजलं आणि हत्तीला हात न लावता एक प्यादं एक घर पुढे सरकवलं. मग आणखी एक घर. ते घोड्याच्या घरात पोचलं आणि घोडा झालं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'बरोबर' आलं. किती महिन्यांनी आलं असेल ते मला माहीत आहे, मी त्या पानांवरून बोट फिरवलेलं आहे.

अण्णांनी चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाले, "बघ. शिकलं यंत्र."